चुलीखालची माती

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी गावाहून भुजंगचा फोन. भुजंग माझा चुलतभाऊ, मायच्या शेजारीच राहतो. एरवी तो आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतो, मग हवापाण्याची, आणि ठेवता ठेवता काम सांगतो. आज थेट म्हणाला, "आक्का, घाबरू नको. माय खुशाल हाय. घर बसलं."

घर बसलं म्हणजे काय हे मातीच्या घरात वाढलेल्यालाच समजेल. ते कोसळत नाही, धडाम आवाज करत नाही. पाणी पीत राहतं, खालून मऊ होतं आणि म्हशीनं बसकण मारावी तसं खाली बसतं. माय रात्री विहारात झोपायला गेली होती म्हणून वाचली. गावाकडं जायचा ताडकळसचा रस्ता पाण्याखाली, एसटी बंद. दिवसभर फ्लॅटमध्ये येरझाऱ्या घातल्या.

आता मात्र ठरलं. मायला परभणीला आणायचं. माझ्याकडे दोन खोल्या आहेत, वर स्लॅब आहे, गॅलरी आहे. माझा मुलगा जीवन नोकरीला पुण्याला गेल्यापासून एक खोली तर नुसती कपडे वाळत घालायला वापरते. एकोणऐंशी वर्षांच्या बाईनं एकटीनं मातीच्या घरात राहायचं, हे लाड बंद.

२ ऑक्टोबर

आज पोचले एकदाची. धम्मचक्र प्रवर्तन दिन, त्यामुळे विहाराला झेंडे लावलेले. माय पांढरं पातळ नेसून पायरीवर बसली होती, काही झालंच नाही अशा थाटात.

"माय, चल. पिशवी भरते तुझी."

"कुठं?"

"परभणीला."

"आन् माती?"

"कोणती माती?"

तिनं हनुवटीनं घराच्या जागेकडं दाखवलं. तिथं चिखलाचा मोठा ढिगारा होता आणि त्यातून दाराची चौकट तेवढी वर डोकावत होती. "भितीची माती अशी उघड्यावर टाकून कशी येऊ?"

आमच्याकडं पडलेल्या भिंतीची माती कुणी फेकत नाही. तिलाच पुन्हा भिजवायचं, तुडवायचं आणि तिचीच भिंत घालायची. वरच्या माळवदाची, म्हणजे सपाट छपराची, पांढरी मातीसुद्धा तशीच परत वर जाते. या भिंती माझ्या बापानं घातल्या, मी पोटात असताना, आणि चिखल मायनं तुडवला. हे मी इतक्यांदा ऐकलंय की तो चिखल मीच तुडवला असं कधी कधी वाटतं.

मी चिडले. "मातीपायी मरणार आहेस का?" तर म्हणते, "मरायचं काय घिऊन बसलीस, च्या घेतलास का?" शेवटी भुजंगनं पत्र्याचं एक शेड उभं करून दिलं. सध्या तिथं राहणार म्हणे. मी हात हलवत परत.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवायचं आहे.

ढिगाऱ्यातून भांडी काढायला गेले होते. घरात अजून घोटाभर पाणी साचलेलं. भिंतीचा जो भाग त्या पाण्यात होता त्याची पार आंबील झालेली. हात घातला की बोटांतून निसटायची. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात चाचपडताना हाताला एक टणक गोळा लागला. दगड असेल म्हणून उपसून काढला. दगड नव्हता. लाल होता, एका बाजूनं काळा. धुतला, नखानं ओरबाडला, तर काही निघेना. ठेचला, तर कडेचा टवका उडाला आणि आतही लालच.

मायला दाखवला. ती म्हणाली, "चुलीखालची हाय ती. तिला काय व्हतंय. किती जाळ खाल्लाय तिनं."

दोन आठवडे पाण्यात. सगळं घर विरघळलं. ज्या मातीचं घर, त्याच मातीची चूल, एकाच दिवशी एकाच खड्ड्यातून काढलेली. आणि चुलीच्या पोटातला तेवढा गोळा पाण्याला दाद न देता बसून राहिला होता.

मी तो गोळा मांडीवर घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. कुठल्याशा नदीकाठी, हजारो वर्षांपूर्वी, असाच पूर ओसरल्यावर कुणी तरी बाई आपल्या बसलेल्या घरात वाकली असेल. तिच्या हाताला हेच लागलं असेल. तिला काय वाटलं असेल? तिनं आधी कुणाला हाक मारली असेल? पहिली भाजकी वीट कुणी केली ते कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही, आणि हा माझा नुसता अंदाज आहे हे मला कळतं. पण आज माझ्या अंगावर काटा आला, तो खरा होता.

मग मी एक घोडचूक केली. मोठ्यानं म्हणाले, "म्हणजे या मातीच्या विटा करून भाजल्या तर पुन्हा घर बसायचं नाही."

"मंग भाज की," माय म्हणाली.

वादावादी झाली आणि शेवटी पैज लागली. ढिगाऱ्याच्या विटा पाडून भाजायच्या. एक वीट रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवायची. विरघळली तर मायनं गुमान परभणीला यायचं. टिकली तर मी इथंच तिला पक्क्या विटांची खोली बांधून द्यायची. भुजंग साक्षीला.

मला वाटतं विरघळेल. वाटतं म्हणजे, विरघळावी असं वाटतं. घरातल्या चुलीनं वर्षानुवर्षं केलेलं काम आमच्यासारख्या हौशी लोकांना थोडंच जमणार आहे!

१३ ऑक्टोबर

सहावीचा इतिहासाचा तास. "हडप्पा संस्कृतीतील लोक भाजक्या विटांची घरे बांधत." हे वाक्य तीस वर्षं शिकवतेय. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, चूक की बरोबर ते लिहा. आज ते वाचलं आणि पुस्तक मिटलं. भाजक्या विटा! अरे, केवढी गोष्ट आहे ही! पोरं माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग मी त्यांना चुलीचा गोळा दाखवला. पिशवीत घालून आणला होता, हे इथंच कबूल करते. प्रत्येकानं हातात घेतला. मागच्या बाकापर्यंत जाऊन तो परत येईस्तोवर तास संपला.

स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, मे महिन्यात रिटायर झाल्यावर काय करणार? म्हटलं, भरपूर कामं पडलीत. कोणती ते मलाही पटकन आठवेना, पण आहेत.

१९ ऑक्टोबर, रविवार

सुट्ट्या लागल्या, राहायलाच आले. भुजंगनं तरुणपणी वीटभट्टीवर कामं केलीत, तो सांगतो तसं चाललंय. ढिगारा फोडला, पाणी सोडलं, राख आणि भुसा घातला आणि तुडवायला उतरले. सत्तावन्नाव्या वर्षी, लुगड्याचा काचा मारून, गुडघाभर चिखलात. माय काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत.

"टाच मार, टाच! तुडवायलीस का नाचायलीस?"

"तूच ये ना मग."

"म्या माझ्या वाट्याचं तुडवलंय. तवा तू आत बसून लाता मारायली व्हतीस."

पायाला खडे टोचत होते, पांढरे, हरभऱ्याएवढे. सांगितलं तर म्हणाली, टोचू दे.

दुपारी एक ढेकूळ फोडताना आत गव्हाचं काड दिसलं. भिंत फाटू नये म्हणून मातीत काड घालतात, हे माहीत होतं. पण ते पिवळंधमक होतं, कालच्या मळणीतलं वाटावं असं. माझ्या जन्माआधी कापलेला गहू! बापाच्या हातानं मिसळलेलं काड! आणि इतकी वर्षं ते अंधारात असं चमकत राहिलं. मायला दिलं तर तिनं ते वाकवून बघितलं आणि कानामागं खोचलं, दिवसभर तसंच.

२४ ऑक्टोबर

विटा थापणं हे काम बघायला सोपं आहे. साच्याला आतून राख लावायची, चिखलाचा गोळा जोरात आपटायचा, वरचा जादा चिखल काढून टाकायचा, साचा उलटा करायचा आणि अलगद उचलायचा. माझी पहिली वीट साचा उचलताच पसरली. दुसरीची एक कड साच्यालाच राहिली. तिसरीला बघून भुजंग म्हणाला, "आक्का, ही इट हाय का भाकर?"

संध्याकाळपर्यंत हात बसला. अंगणभर ओल्या विटांच्या रांगा, आणि प्रत्येकीवर माझ्या बोटांचे ठसे. खोटं कशाला बोलू, त्या रांगा बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा मागं कधी झाला होता ते आठवत नाही. पैज मी हरायला हवी की जिंकायला, याचा दिवसभर विचारच आला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

शाळा सुरू. मायचा फोन आला होता, विटा उलथायच्यात, ये. आले, उलथल्या. एक बाजू वाळली की दुसरी बाजू उन्हाला द्यावी लागते. जेवणात मेथीची भाजी आणि ठेचा.

१६ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा उलथल्या. माय म्हणते, थंडीचं ऊन कवळं असतं, वेळ लागतो. असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

आजही उलथल्या. भुजंग येऊन बघून गेला. "अजून उलथायलाव? ह्या तर कवाच्या वाळल्या की." मायनं त्याला भट्टीची लाकडं आणायला पिटाळलं. मला म्हणाली, "त्याला काय कळतंय." आता भट्टीवर काम केलेला तो, पण जाऊ दे. मायच्या नादी कोण लागणार! पत्र्याच्या शेडमध्ये थंडी फार आहे. तिला खोकला झालाय. शाल दिली तर मलाच पांघरायला लावली. हे लवकर उरकलं पाहिजे.

३० नोव्हेंबर, रविवार

आज भट्टी पेटवली.

भुजंगनं विटा रचल्या, मधे फटी ठेवून, खाली बाभळीची लाकडं, थरांमध्ये गोवऱ्या. बाहेरून सगळं लिंपून घेतलं. पेटवण्याआधी मायनं चपला काढल्या आणि त्रिशरण म्हटलं. आम्हीही तिच्यामागं म्हटलं. मग काडी तिनंच लावली.

आधी नुसता धूर, पांढरा आणि ओला. भुजंग म्हणाला, मातीतलं पाणी निघायलंय. दुपारनंतर धूर पातळ झाला. अंधार पडता पडता लिंपणाला एके ठिकाणी भेग गेली आणि मी वाकून आत बघितलं.

आत जाळ दिसत नव्हता. विटाच दिसत होत्या. त्या स्वतःच उजेड देत होत्या. ही तीच माती, जिच्यात मी महिन्यापूर्वी टाच मारत होते. आता कडेपासून कडेपर्यंत नारिंगी, इतकी की आरपार दिसेल असं वाटावं. मायला हाताला धरून आणलं, दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग भट्टीला म्हणाली, "बाई गं."

ज्यांनी हे पहिल्यांदा मुद्दाम केलं असेल, त्यांना भीती वाटली असेल का? मला वाटली, थोडी.

शेवटची गाडी चुकली. मायजवळ शेडमध्येच झोपले.

७ डिसेंबर, रविवार

भट्टी आठवडाभर निवू दिली. आज उघडली.

लाल. सगळ्या लाल! बाहेरच्या काही फिकट, मधल्या गडद, लाकडाजवळच्या एकदोन जळून काळ्या. भुजंगनं दोन विटा घेतल्या आणि एकमेकींवर आपटल्या. खण्ण! मातीचा असा आवाज! मी त्याच्या हातातून घेऊन पुन्हा वाजवल्या. मग मायनं वाजवल्या. मग शेजारच्या बायका आल्या, त्यांनी वाजवल्या. भुजंग म्हणाला, पुरं करा, फुटतील.

एक मोडलेली वीट हातात घेऊन बघितली तर आत बारीक पोकळ रेघा होत्या. काड जळून गेलं होतं आणि त्याची जागा तेवढी राहिली होती, पेरासकट. बापानं टाकलेलं एकेक काड कुठं होतं ते आता दिसत होतं.

संध्याकाळी माझ्या बोटांचे ठसे असलेली एक वीट बादलीत बुडवली. उद्याची किरकोळ रजा टाकली आहे.

८ डिसेंबर

सकाळी उठले तर माय माझ्याआधी बादलीपाशी बसलेली. पाणी नितळ होतं. तळाला वीट, आणि तिच्यावर माझी चारही बोटं जशीच्या तशी.

मी म्हणाले, "जिंकलीस."

तिनं वीट बाहेर काढून पदरानं पुसली. "आता ही परत चिखल व्हायची न्हाई?"

"नाही."

"कदीच?"

"कधीच नाही."

ती ठशांवरून बोट फिरवत राहिली. मलाही पहिल्यांदाच त्याचा खरा अर्थ जाणवला. ढिगाऱ्यातली माती आजवर भिंत होत होती, चिखल होत होती, पुन्हा भिंत होत होती. आता तिचा परतीचा रस्ताच बंद झाला. माणसानं हे पहिल्यांदा केलं तेव्हा त्याला कळलं असेल का, आपण काय करतोय ते?

माय म्हणाली, "तुझ्या बापाला हे जमलं असतं तर दर सालाला भित लिंपाया लागली नसती." आणि थोड्या वेळानं, "पर मंग आमाला दोघांला सालातून एक डाव भितीपाशी बसाया तरी कसं मिळालं असतं."

काहीतरीच बोलते.

१४ डिसेंबर, रविवार

वाईट दिवस.

खोलीची जागा बघायला म्हणून आले. विटांची थप्पी लिंबाखाली रचलेली. चहा घेत होतो तेवढ्यात थप्पीतून आवाज आला, फट्. खारुताई असेल म्हणून दुर्लक्ष केलं. परत फट्. जाऊन बघते तर एका विटेचा कोपरा उडून पडलेला आणि तिथं पांढरा पिठूळ ठिपका. दुसरीला मधोमध तडा. तिसरी हातात घेतली तर दोन तुकडे झाले. बघता बघता अर्ध्याहून जास्त थप्पी गेली, पाणी नाही, पाऊस नाही, नुसत्या हवेनं. ज्या विटेला पाण्यानं काही केलं नाही तिचा असा भुगा व्हावा!

भुजंगनं पांढरा ठिपका बोटावर घेतला, जिभेला लावला आणि थुंकला. "चुना." माळवदाची पांढरी माती ढिगाऱ्यात मिसळलेली होती. तिच्यात चुनखडीचे खडे असतात. भिंतीत ते काही करत नाहीत, म्हणून आजवर कुणी फिकीर केली नाही. पण भाजले की त्यांचा चुना होतो, मग तो हवेतली ओल ओढून फुगतो आणि वीट फोडतो. चिखलात पायाला टोचत होते तेच ते खडे. भिंतीची माती भिंतीला या आमच्या रिवाजानंच घात केला म्हणायचा.

माय मात्र शांत. "हरले म्या. भर पिशवी," म्हणाली आणि माझ्याकडं बघत राहिली.

मला काय झालं कोण जाणे. ज्यासाठी ऑक्टोबरपासून जीव टाकत होते ते आयतं समोर आलेलं, आणि मला रागच आला. "काय हरलीस? बादलीतली वीट टिकली ना? पिशवीबिशवी काही नाही. पुन्हा पाडू."

"बग बाई. तुला लय हैराणी व्हईल. दर आइतवारी यावं लागंल."

"येईन."

"तुझी मर्जी," माय म्हणाली आणि आत जाऊन भाकरी टाकायला बसली. हरलेल्या माणसाच्या मानानं भाकऱ्या फारच झपाट्यानं थापत होती.

ताडकळसला सोडायला आलेला भुजंग मोटरसायकलवर म्हणाला, "म्या तर मायला पयल्याच दिवशी बोललो व्हतो, माळवदाची माती येगळी काढा न्हाईतर चाळून घ्या. हौ म्हणली व्हती."

विसरली असेल. वय झालंय आता. एरवी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण होतं ते नावानिशी सांगते, पण नवीन सांगितलेलं राहत नसणार डोक्यात. डॉक्टरांना एकदा दाखवायला हवं.

२८ डिसेंबर, रविवार

उरलेली माती वाळवून चाळायला घेतली. चाळणीत खडे राहतात, ते माय एका डब्यात टाकते. दिवसभर दोघी समोरासमोर बसलो. तिनं मला आजीच्या लग्नाची गोष्ट सांगितली, मी तिला आमच्या हेडमास्तरांच्या नकला करून दाखवल्या. इतकी हसली की चाळणी सांडली. खोकला गेलाय. मी परभणीहून आणलेलं औषध लागू पडलं वाटतं.

२५ जानेवारी, रविवार

दुसरी भट्टी पेटवली. यंदाच्या कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या घातल्या, जाळ लवकर चढला. या खेपेला गावातल्या अर्ध्या बायका बघायला होत्या. अंधार पडताना मी सगळ्यांना एकेक करून भेगेतून आत बघायला लावलं. प्रत्येक बाई बघून सरळ झाली की क्षणभर गप्प व्हायची. मला ते गप्प होणं बघायला फार आवडलं.

१ फेब्रुवारी, रविवार

भुजंग म्हणाला, कितीही चाळलं तरी बारीक चुना राहतोच, म्हणून विटा गरम आहेत तोवर पाण्यात बुडवायच्या, म्हणजे चुना आतल्या आत मरतो. मधल्या विटा अजून पोळत होत्या. चिमट्यानं धरून एकेक हौदात सोडली. वीट पाण्यात जाताना फुसफुसते, तिच्यातून बुडबुड्यांची माळ वर येत राहते, किती तरी वेळ. शेवटी गप्प होते. मी सगळ्या विटांचे बुडबुडे संपेपर्यंत बघत बसले. भुजंग वैतागला.

१५ फेब्रुवारी, रविवार

एकही फुटली नाही. थप्पीला कान लावून बसले होते. काही नाही. विटा नुसत्या उन्हात बसून होत्या, लाल, निवांत.

जिंकली माय. आणि मला इतका आनंद झालाय की पैज मीच जिंकल्यासारखं वाटतंय. पण येताना एसटीत खिडकीशी बसले आणि एकाएकी उदास वाटलं. आता माती चाळायची नाही, विटा उलथायच्या नाहीत. खोली भुजंग आणि गवंडी बांधतील. मग रविवारी काय करायचं? उगीच काहीतरी. कामं भरपूर पडलीत.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज खोलीची आखणी. भुजंगनं खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, मी दोरीखालून पांढरी फक्की टाकत गेले. दहा बाय दहाची खोली, एक दार, एक खिडकी. एका माणसाला ऐसपैस.

माय काठी टेकत आली. दोरीजवळ थांबली नाही, ओलांडून पुढं गेली आणि बरीच लांब काठीनं जमिनीवर रेघ ओढली. "हितवर."

"एवढी कशाला?"

"दोन बाजा बसल्या पायजेत."

"दुसरी बाज कुणाला?"

भुजंग दोरीच्या गाठीत एकदम गुंतला. ती गाठ मघाशीच बांधून झाली होती.

माय म्हणाली, "मे मैन्यात तुझी शाळा सुटंल. जीवन तिकडं पुण्याला. मंग त्या बिल्डिंगीत तू एकटी कोणासंगं भांडशील?"

माझ्याकडं उत्तरं होती. फ्लॅट आहे, गॅलरी आहे, कामं पडलीत. पण ऑक्टोबरपासूनचे सगळे रविवार डोळ्यांसमोर आले, वाळलेल्या विटा पुन्हा पुन्हा उलथतानाचे, आणि भुजंगला पिटाळणारी माय. मी हिला इथून न्यायला येत होते. ही मला इथं आणत होती, एकेका रविवारानं, आणि मी गाडीच्या वेळा बघत होते. मी तिथंच खाली बसले आणि रडले. फक्की डोळ्यांत गेली असं सांगितलं. कुणी ते खरं मानलं नाही आणि कुणी तसं बोलूनही दाखवलं नाही.

थोड्या वेळानं भुजंग खाकरला. "आक्का, एवढी मोठी खोली म्हणल्यावर इटा पुरायच्या न्हाईत. आन् ढिगारा तर सरला. झाडून घेतलाय म्या."

खरंच सरला होता. फुटलेल्या विटा सोडल्या तर बापाच्या भिंतींची माती सगळीच्या सगळी थप्पीत बसली होती आणि जागा मोकळी पडली होती.

"सरू दे," माय म्हणाली. "ती त्यांची व्हती. आता हिची काढू."

तिनं काठीनं लिंबाच्या पलीकडची, नाल्याकाठची जागा दाखवली. भुजंगनं मला कुदळ आणून दिली. जमीन कडक होती. पहिला घाव नुसता वरच्यावर उडाला. दुसरा आत गेला.